मान डोलविण्याचे शिक्षण

सुगी सरत आली, की सोलापूरच्या पेठांतून आणि आसपासच्या खेड्यांतून अजूनही कधीमधी गुबगुबीचा आवाज कानी येतो. पाठीवर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ अशा थाटात नंदीबैल दारापुढे उभा राहतो आणि नंदीवाला त्यास विचारतो, यंदा पाऊसपाणी बरे होईल काय? धाकट्याला नोकरी लागेल काय? नंदी मान डोलवितो. घरची बाई सुपातून धान्य आणते. पोरे चार घरे त्याच्या मागोमाग जातात. न समजता होकार देणाऱ्या माणसास मराठी भाषा नंदीबैल म्हणते, ते या प्रसंगावरूनच. या उपमेत माणसाचा उपहास आहे तसा बैलावर थोडा अन्यायही आहे. कारण तो बैल काहीच शिकलेला नाही असे नव्हे. तो फार चांगले शिकलेला आहे. मात्र आपण समजतो ते शिकलेला नाही.

पावसाचे त्यास काही ठाऊक नसते. त्यास ठाऊक असतो दोरीला बसणारा बारीकसा हिसका, गुबगुबीचा बदललेला ठेका, धन्याच्या आवाजातील चढउतार. त्या खुणेला मान हलली की चारा मिळतो, पाठीवर थाप पडते. न हलली तर वेसण ओढली जाते. अमेरिकेतील थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून नेमकी हीच गोष्ट मोजली. मांजर आत धडपडे, ओरबाडे, आणि केव्हा तरी खटक्यावर पंजा पडून दार उघडे. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरर्थक धडपड कमी होत गेली आणि सुटण्यास लागणारा वेळ घटत गेला. ज्या कृतीचे फळ सुखाचे, ती अंगवळणी पडते, असा नियम त्याने काढला. पुढे स्किनर यांनी त्याचे शास्त्र बनविले आणि त्या फळास मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘प्रबलन’ असे भारदस्त नाव मिळाले. नंदीवाल्यांनी ही पुस्तके वाचलेली नव्हती. त्यांचा धंदाच त्यावर चालला होता.

नंदीबैलाचा एक नामांकित भाऊबंद विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात होऊन गेला. तो हान्स नावाचा घोडा. फॉन ओस्टेन या निवृत्त गणित-शिक्षकाने त्यास मोठ्या चिकाटीने शिकविले होते. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, महिन्याची तारीख विचारा. हान्स जमिनीवर खूर आपटून अचूक उत्तर देई. लोक थक्क झाले. १९०४ साली कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने चौकशी झाली आणि यात लबाडी आढळत नाही असा निर्वाळा मिळाला. लबाडी खरोखरच नव्हती. ओस्टेन यांनी प्रेक्षकांकडून पैसाही घेतला नाही. परंतु श्टुम्फ यांचा शिष्य ऑस्कर फुंग्स्ट याने अधिक साध्या दोन गोष्टी करून पाहिल्या. ज्याचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्यालाच ठाऊक नाही असा प्रश्न त्याने घोड्यास घालावयास लावला. आणि प्रश्न विचारणारा घोड्यास दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळा हान्सचे गणित कोसळले. १९०७ साली फुंग्स्टने निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रश्न विचारून माणूस नकळत किंचित पुढे झुकतो आणि योग्य आकडा आला की त्याचे डोके केसभर वर उचलले जाते. घोडा खूर थांबवीत होता तो या हालचालीवर. विशेष हे, की ही गोष्ट कळल्यानंतरही स्वतःचे डोके स्थिर ठेवणे फुंग्स्टला सोपे गेले नाही. आयुष्यभर शिकविण्याचे काम केलेल्या ओस्टेन यांना हा निष्कर्ष मानवला नाही. त्यांच्या मते घोडा शिकला होता. घोडा शिकला होता हे खरेच. गुरुजींचा चेहरा वाचावयास शिकला होता.

येथून सोलापूरच्या एखाद्या वर्गात यावयास फार चालावे लागत नाही. गुरुजी म्हणतात, ‘महाराष्ट्राची राजधानी मुं...’ आणि पन्नास तोंडे एका सुरात ‘...बई’ असे पूर्ण करतात. तो अर्धा उच्चारलेला शब्द म्हणजे दोरीचा हिसकाच होय. ‘समजले का?’ या प्रश्नाला तर एकच उत्तर असते, आणि ते कोणत्या सुरात द्यावयाचे हेही पहिलीतच कळते. ज्या मुलाला उत्तर येत नाही ते ओठ हलवून सुरात सूर मिळविते. या शहरात त्यास आणखी एक कारण आहे. पूर्व भागातील विणकरांच्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडील घरांत कन्नड. तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमांच्या शाळा येथे आहेत. तरी घरची भाषा एक आणि वर्गाची मराठी, अशी मुले पुष्कळ असतात. ज्याला शब्द पुरते उमगत नाहीत त्याने चेहऱ्याकडे पाहावे, हे स्वाभाविकच नव्हे काय? अशा मुलाला मंद म्हणणे चुकीचे आहे. उलट ते फार तीक्ष्ण निरीक्षण करीत असते. केवळ ते निरीक्षण धड्याचे नसून शिक्षकाचे असते.

फुंग्स्टने घोड्याची घेतली तशी परीक्षा आपल्या मुलांचीही होत आली आहे, परंतु तिच्याकडे या दृष्टीने कोणी पाहत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत परका माणूस मुलाच्या घरी जातो आणि एकट्याला जवळ बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास देतो. वर्गाचा सूर नाही, गुरुजींचा चेहरा नाही. २०२२ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४३ मुलांना तो वाचता आला; २०२४ साली सुमारे ४९ मुलांना. करोनाकाळातील बंद शाळांकडे बोट दाखविता येईल, परंतु २०१८ सालीही आकडा निम्म्याच्या आसपासच होता. ही सारी मुले वर्गामागून वर्ग चढत आलेली होती आणि विचारले असता सर्वांनीच समजल्याचे सांगितले असणार.

यावर शिक्षेचा जुना उपाय सुचविणारे पालक अद्याप भेटतात. २०१० पासून अंमलात असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंस मनाई केली आहे. परंतु कायद्याचा मुद्दा बाजूस ठेवला तरी छडीने नेमके काय शिकविले जाते, हा प्रश्न उरतोच. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखविताना मागे लोखंडावर हातोडा आपटला. थोड्याच वेळात ते मूल नुसत्या उंदरालाही घाबरू लागले. प्रयोग निर्दय होता, आज तो कोणी करू धजणार नाही. गणिताच्या तासाला मात्र तो वर्षानुवर्षे होत आला. शिवाय मूल केवळ स्वतःला झालेल्या सुखदुःखावरून शिकत नाही, पाहूनही शिकते, हे बांडुरा यांनी १९६१ साली दाखविले. प्रौढ माणूस बाहुलीला बडविताना पाहिलेल्या मुलांनी, कोणी बक्षीस देऊ केले नसताही, तिला तसेच बडविले. गल्लीत शाळा-शाळा खेळणारी मुले पाहावीत. गुरुजी झालेले मूल आधी पट्टी शोधते, पुस्तक नंतर.

बक्षिसाचीही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी नाही. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. ठरावीक संख्या पुरी झाली की ठरावीक फळ, या रीतीने पारवे आणि उंदीर अत्यंत वेगाने काम करतात, असे स्किनर यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले होते. विडी वळण्यास ही रीत चालते, कारण मोजावयाचे ते समोर सुपात दिसते. शाळेत मोजावयाचे ते दिसत नाही. दिसतात ते गुण. मग मूल गुणांचे उत्पादन करू लागते, आणि त्यासाठी सर्वांत स्वस्त कच्चा माल म्हणजे गाईड. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात त्या मुलाचे काहीच चुकले नाही.

गंमत अशी, की प्राणीसुद्धा एवढ्यावर थांबत नाहीत. टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० साली काही उंदरांना दहा दिवस भुलभुलैयात नुसते फिरू दिले. शेवटी खाऊ ठेवला नाही. अकराव्या दिवशी खाऊ ठेवताच दुसऱ्याच दिवशी ते रोज खाऊ मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला आले. म्हणजे वाट त्यांना आधीच कळली होती, दाखविण्याचे कारण नव्हते. शेतकऱ्याला उंदराची ही बुद्धी निराळ्या वाटेने माहीत आहे. झिंक फॉस्फाइड ठेवण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी धान्य ठेवावे लागते, कारण नवे खाद्य उंदीर आधी चाखून पाहतो आणि एकदा पोटात कळ आली की पुन्हा त्यास तोंड लावीत नाही. जॉन गार्सिया यांनी १९६६ साली हेच प्रयोगाने मांडले तेव्हा, शिकण्यास शेकडो आवृत्त्या लागतात असे मानणारे कित्येक विद्वान त्यावर विश्वास ठेवावयास तयार नव्हते. ज्या गोष्टीत जिवाचा संबंध आहे ती गोष्ट जीव एका अनुभवात शिकतो. माणदेशातला खिलार बैलसुद्धा अंधारात गाडी आपसूक घरी आणतो, ते गाडीवानाच्या पापणीकडे पाहून नव्हे.

आणि ज्या घरातील मूल वर्गात ओठ हलविते, त्याच घरात ते काय काय शिकते! मागाजवळ कांडी भरता भरता त्याचे डोळे धाग्यावर असतात. धागा तुटला की तो कोठे तुटला हे त्यास कोणाच्या चेहऱ्यावरून शोधावे लागत नाही, कापडच सांगते. चूक ताबडतोब दिसते, ती पुन्हा सांधता येते आणि त्याबद्दल कोणी हसत नाही. वर्गातील चूक मात्र सहामाहीच्या उत्तरपत्रिकेपर्यंत दबा धरून बसते.

शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्यास मिनिटही येत नाही. त्यात निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. कायद्याने प्राथमिक शाळेत तिसांस एक शिक्षक सांगितला आहे, आणि तेवढे झाले तरी दोन मिनिटांवर मजल जात नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आणले व २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर’ पारितोषिक मिळाले. त्या कल्पनेतील मोलाची गोष्ट कदाचित ही, की मूल धडा पुन्हा पुन्हा ऐकू शकते आणि ऐकताना कोणी त्याच्या होकाराची वाट पाहत नसते. त्याच कोडमागे उद्या तयार उत्तरे बसविली तर ते गाईडच होईल, हेही खरे.

कमी खर्चाचा मार्ग फुंग्स्टच्या प्रयोगातच आहे. ज्याचे उत्तर शिक्षकासही ठाऊक नाही असा एखादा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी वर्गात यावा: आपल्या गल्लीत किती माग आहेत आणि त्यांपैकी किती बंद आहेत, हजार विड्यांना किती पाने लागतात, आजीच्या भाषेत ‘भागाकार’ कसा सांगाल. आणि उत्तरे येत असताना शिक्षकाने मागच्या बाकावर जाऊन बसावे. तेलुगू बोलणाऱ्या थोरल्या मुलीने धाकट्याला तेलुगूतून समजाविले तर समजावू द्यावे. पहिले काही दिवस वर्ग गप्प राहील, मुले माना वळवून मागे पाहतील.