चिप आली, म्हणून जुना पासपोर्ट बाद होत नाही

‘चिप नसलेला पासपोर्ट आता चालणार नाही’ हे हल्ली सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. 1 एप्रिल 2024 रोजी ई-पासपोर्टचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. त्यात नागपूर आणि भुवनेश्वर ही पहिली ठिकाणं होती. जुना पासपोर्ट मात्र त्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत वैध आहे. भीतीचं मूळ बहुधा 2015 मध्ये असावं. यंत्राला वाचता न येणारे, म्हणजे हाताने लिहिलेले पासपोर्ट जगभर बंद करण्याची मुदत त्या वर्षी 24 नोव्हेंबरला संपली आणि अनेकांना ते खरोखरच बदलावे लागले.

‘चिपमुळे सरकारला आपण कुठे आहोत ते कळतं’ हाही गैरसमजच. या चिपमध्ये बॅटरी नसते, ती स्वतःहून संदेश पाठवत नाही. वाचकयंत्र अगदी जवळ आणलं तरच ती वाचता येते. आत फोटो, बोटांचे ठसे आणि पासपोर्टावरचीच माहिती असते; बनावट पासपोर्ट लगेच पकडता यावा हा तिचा हेतू. हे पासपोर्ट नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात.

नारिंगी पासपोर्टही आलेला नाही. दहावी न झालेल्या कामगारांना वेगळ्या रंगाचा पासपोर्ट देण्याचा बेत 2018 च्या जानेवारीत जाहीर झाला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. ते योग्यच झालं. शिक्षण कमी म्हणून माणसाला विमानतळावर रंगावरून ओळखणं अपमानास्पदच ठरलं असतं.

सर्वांत मोठा गैरसमज आधारचा. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून ते जवळपास सगळीकडे मागितलं जातं, त्यामुळे ते नागरिकत्वाचं कार्ड वाटू लागलं. पण ते रहिवाशांना मिळतं, त्यात परदेशी नागरिकही येतात. 2016 च्या आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच लिहिलंय की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही.

पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही आधारवर विसंबू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी फक्त जन्मदाखला चालतो. घरात बाळ जन्मलं असेल, तर 21 दिवसांच्या आत नोंद झाली का, ते पाहा आणि दाखल्यावरचं नाव नीट तपासून घ्या.