बुढं घोडं आणि लेकराचं पहिलं तट्टू : भावाबद्दलचे गैरसमज

"घोडं बुढं झालं जी, आता त्याले कोन घेते?"

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगाव (श्यामजी पंत), आष्टी, आर्वी या पट्ट्यात तट्टू विकायची गोष्ट निघाली की हे वाक्य ऐकू येतंच. बोलणाऱ्याच्या दारात तेरा-चौदा वर्षांचं शांत तट्टू बांधलेलं असतं. घरातलं लेकरू त्याच्यावरच लगाम धरायला शिकलं. आता त्या लेकराचे पाय तट्टाच्या पोटाखाली लोंबतात, म्हणून ते विकायला काढलेलं. गिऱ्हाईक यायच्या आधीच मालकाने मनातल्या मनात भाव पाडलेला असतो. आणि हाच माणूस पहिल्यांदा घोडं घेणाऱ्या नातेवाइकाला सांगतो, "शिंगरूच घे. पोट्टं अन् घोडं सोबतच मोठं होईन."

ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि एकाच गैरसमजातून आलेली आहेत. त्यापायी शिकलेलं जनावर कवडीमोलाने जातं आणि नवख्या लेकराच्या हाती नवखं शिंगरू येतं.

गैरसमजाचं मूळ बैलबाजारात आहे. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा गवळाऊ गोवंशाचा मूळ मुलूख. हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. इथल्या शेतकऱ्याची बैल पारखायची नजर पक्की. अदंत गोऱ्हा, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला, या क्रमाने तो भाव बांधतो. बैलापुरतं त्याचं गणित बरोबरच आहे. वखर, डवरा, बंडी ओढायची ताकद पुढे किती हंगाम टिकेल, त्याचे पैसे मोजायचे. म्हणून जुळल्यावर काही वर्षांनी भाव उतरतो.

लेकराच्या तट्टाला हे गणित लावता येत नाही. तीस किलोचं लेकरू पाठीवर घेऊन पांदणीने चालायला फार ताकद लागत नाही. तिथे सराव लागतो. मागून ट्रॅक्टर आला, अंगावर कुत्रं धावलं, हायवेला मोठ्या गाडीने हॉर्न दिला, लेकराने घाबरून लगाम उगाच खेचला, तरी तट्टाने बुजायचं नाही. लेकरू एका बाजूला घसरलं तर थांबायचं. हे शिकायला जनावराला कित्येक वर्षं लागतात, आणि खरेदीदार पैसे देतो ते या शिकवणीचे. दोन वर्षांच्या शिंगराकडे ती असूच शकत नाही, कितीही चांगल्या आईबापाचं असलं तरी.

आता शरीराचं पाहू. घोड्याचं आयुष्य साधारण पंचवीस ते तीस वर्षांचं, आणि लहान चणीची तट्टं मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त जगताना दिसतात. इंग्लंडमध्ये कालव्यावरचे पडाव ओढणारा 'ओल्ड बिली' नावाचा घोडा 1760 साली जन्मला आणि 1822 साली मेला, अशी नोंद आहे. तो अर्थातच अपवाद. पण चौदा वर्षांचं निरोगी तट्टू बुढं नसतं. हलक्या वजनाच्या स्वाराला ते आणखी सहा-सात वर्षं सहज नेतं, आणि एका लेकराचं तट्टावर बसायचं वय तेवढंच असतं.

उलट शिंगराची हाडं पुरती तयार नसतात. पायांच्या हाडांची वाढीची टोकं आधी जुळतात, पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच-साडेपाच वर्षांच्या सुमाराला. दुसऱ्या वर्षीच खोगीर चढवून "कामाला लागलेलं आहे" म्हणून जास्त भाव सांगणारा विक्रेता खरं तर जनावराचं पुढचं आयुष्य कमी करून विकतो आहे. ते कामाला लागलं म्हणून भाव वाढवायचा नाही, कमी करायचा.

"सोबत मोठं होतील" हे वाक्य ऐकलं की मला चीड येते, कारण त्यात लेकराच्या हाडांचाही विचार नसतो. शिंगराला शिकवायला जाणता माणूस हवा, लेकराला शिकवायला जाणतं जनावर हवं. दोघंही नवखे असले की दोघंही एकमेकांना घाबरायला शिकतात. मग लेकरू पडतं, घरचे घाबरतात आणि सहा महिन्यांत तेच शिंगरू "खोडीचं आहे" असा शिक्का घेऊन अर्ध्या भावात बाजारात येतं.

मग वयाने भाव कमी होतच नाही का? होतो, पण वयाचा आकडा ऐकून नाही. वयाने शरीरात काय बिघडलं ते पाहून. यातही बैलाची सवय आड येते. बैलाला वरचे पुढचे दात नसतात. घोड्याला वर सहा आणि खाली सहा असतात, आणि पाचव्या वर्षापर्यंत सगळे पक्के येतात. त्यानंतर दातांची झीज आणि आकार पाहायचा. वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराच्या आसपास ती दाताच्या मध्यापर्यंत, विसाच्या आसपास टोकापर्यंत उतरते. हा अंदाज दोन-तीन वर्षांनी चुकू शकतो. म्हणून "दातावरून बरोबर सतरा" असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

त्यापेक्षा तट्टू खाताना पाहा. चारा चावून त्याचा गोळा तोंडातून टाकत असेल तर दाढा बिघडल्या आहेत. कडक जमिनीवर दुडकी चालवा. लंगडणं मऊ मातीत लपतं. खूर गरम लागत असतील, किंवा तट्टू पुढचे पाय ताणून मागच्या पायांवर भार देत असेल, तर खुराच्या आत दाह असण्याची शक्यता मोठी, आणि तो पुन्हा पुन्हा उलटतो. वैशाखातही अंगावरचे लांब केस गळलेले नसतील तर म्हातारपणी होणाऱ्या ग्रंथीच्या विकाराची शंका घ्यावी. यातलं जे खरोखर आढळेल त्याचे पैसे कापा. दोष न दाखवता नुसतं "वय झालं" म्हणून कापायला नकार द्या.

भाव काढायचा कसा, तर खरोखर पटलेल्या सौद्यापासून. समजा, तुमच्या भागात तेवढ्याच उंचीचं, धडधाकट पण लेकरांची सवय नसलेलं तट्टू साठ हजारांना गेलं आणि त्याची पावती आहे. तुमचं तट्टू खूर मुकाट्याने उचलू देतं, एकटं राहतं, गाडीत चढतं, मोठ्या माणसाने धरल्याशिवाय लेकराला फिरवून आणतं. मग साठ हजारांच्या वर मागण्यात गैर काही नाही. त्याच्या दाढा घासून घ्यायच्या असतील, तर तो खर्च वजा करा. रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारा व्यापारी हा हिशेब करणार नाही, कारण त्याच्या बाजारात लेकराला फिरवून आणण्याला वेगळा भाव नाही. म्हणून असं तट्टू बाजारात न नेता, ज्या घराला हवं आहे त्या घरालाच विकावं. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टं होती. 2019 मध्ये ती 3.4 लाखांवर आली. भरवशाचं तट्टू शोधणाऱ्याला ते सहज मिळत नाही, हे विक्रेत्याने लक्षात ठेवावं.

पेपरातल्या आकड्यांमुळे होणारा गोंधळ याच्या उलटा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा भरली की कोटींचे घोडे बातम्यांत येतात. ती बहुतेक वेळा सांगितलेली किंमत असते, मोजलेली नव्हे. मालकाला पुष्कळदा घोडा विकायचाच नसतो. उंच, नावाजलेल्या मारवाडी वळूला पैदाशीतून उत्पन्न असतं. आपल्या पन्नास इंची तट्टाचा त्या बाजाराशी संबंध नाही.

इंचावर भाव लावणं लेकराच्या बाबतीत निरर्थक आहे. 148 सेंटिमीटर, म्हणजे अठ्ठावन्न इंचांपर्यंतचं जनावर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तट्टूच धरतात. पाहायचं ते वजन. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाने 2008 मध्ये घोड्यांवर वेगवेगळं ओझं देऊन पाहिलं. शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्याला पोचल्यावर स्नायूंवरचा ताण स्पष्ट वाढलेला दिसला. पाचवा हिस्सा ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दोनशे किलोच्या तट्टावर खोगिरासकट चाळीस किलो. आपल्याकडे 1965 च्या नियमांनी ओझ्याच्या तट्टाला सत्तर किलोंची कमाल मर्यादा घातली आहे. ती कायद्याची सीमा आहे, लेकरासोबत बापानेही बसायची परवानगी नाही.

लहान तट्टू म्हणजे गरीब तट्टू, हेही खरं नाही. लहान तट्टाला शिकवायला मोठा माणूस त्याच्यावर बसू शकत नाही, त्यामुळे पुष्कळ छोटी तट्टं बिनशिकवलेली आणि हट्टी राहतात.

भोवरे आणि रंग. अश्वशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत केसांच्या आवर्तांची शुभाशुभ लक्षणं दिली आहेत, ती परंपरा मोठी आहे आणि तिचा अभ्यास जरूर व्हावा. पण छातीवरच्या किंवा पाठीवरच्या भोवऱ्याने मालकाचं बरंवाईट झाल्याचा कुठलाही पुरावा नाही. "अशुभ" भोवऱ्याचं शांत तट्टू स्वस्तात मिळत असेल, तर खरेदीदाराने खुशाल घ्यावं. पंचकल्याणी असलं म्हणून लेकरू त्याच्यावरून पडायचं टळत नाही, आणि नुकऱ्याच्या गुलाबी कातडीला आपल्याकडच्या उन्हाचा त्रासच होतो.

"लग्नातली घोडी आहे, बँडला सुद्धा बुजत नाही" हे खरं असेलही. पण तिला तालावर नाचायला आणि पुढचे पाय उचलायला शिकवलेलं असतं, आणि तेच ती लेकराखालीही करू शकते. माथेरानसारख्या, मोटारी बंद असलेल्या ठिकाणच्या तट्टांना गर्दीची चांगली सवय असते, मात्र पुष्कळदा माणूस लगाम धरून पुढे चालत असतो. मोकळं सोडल्यावर ते कसं वागतं, हे वेगळं तपासावं लागतं.

"इतकी वर्षं कडबा, कुटार, चणा खाऊ घातलं, ते पैसे कोण देईल?" कोणीही देणार नाही. त्या वर्षांत तुमचं लेकरू त्याच्यावर बसलं.

जातीच्या नावाने भाव वाढवणारेही आता वाढले आहेत. दख्खनी भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवल्यापासून कुठलंही काटक तट्टू "भीमथडी" होऊ लागलं आहे. कागद असेल तर पाहावा. नसेल तर त्या नावाचे वेगळे पैसे देऊ नयेत.

ग्लँडर्सच्या तपासणीला मात्र भावात जागा द्यायला हवी. हा रोग माणसालाही होतो, जनावराला त्यावर उपचार नाही, आणि रक्ताची चाचणी पक्की ठरली तर 2009 च्या कायद्याखाली जनावर नष्ट करावं लागतं. हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही तपासणी करतं. नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावा. रोग नसल्याचा ताजा अहवाल आणि धनुर्वाताची लस दिल्याची नोंद देणाऱ्या विक्रेत्याने त्याचा खर्च किमतीत धरला तर तक्रार करू नये.

शेवटचा गैरसमज कायद्याचा : "दोष लपवला तर तो आपोआप फसवणूक ठरतो." 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये उदाहरणच घोड्याचं आहे. लिलावात घोडा विकताना त्याचा दोष माहीत असूनही मालक नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक होत नाही. पण खरेदीदार म्हणाला की "तुम्ही नाही म्हटलं नाही तर मी घोडा निर्दोष समजेन," आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरतात. कलम 25 खालचं उदाहरण त्याहून रोखठोक आहे : हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना स्वखुशीने विकला, तरी करार पक्का. तेव्हा "फार स्वस्तात गेलं" म्हणून तट्टू परत मागता येणार नाही. भाव आधीच नीट ठरवा, आठवडाभर तट्टू गिऱ्हाइकाच्या घरी ठेवून पाहायची मुभा द्या आणि त्या आठवड्यात ते आजारी पडलं तर जबाबदारी कोणाची हेही लिहून घ्या. खरेदीदाराने चार माणसांसमोर सरळ विचारावं : लंगडतं का, चावतं का, लाथ मारतं का, पोटदुखी कधी झाली होती का. उत्तरं पावतीवर उतरवावी, तिच्यातच वय, उंची, रंग, खुणा, खोगीर-लगाम धरून की सोडून, आणि दिलेला इसार लिहावा, मग दोघांनी सह्या कराव्यात.