भाजीचे कुरकुरीत वेफर्स: उष्णता, वाफ आणि तेल यांचा हिशेब

पाठाचा उद्देश

उष्णता-संक्रमण आणि वस्तुमान-संक्रमण हे विषय तुम्ही वर्गात नळ्या आणि मनोऱ्यांच्या आकृत्यांवर शिकता. हीच तत्त्वे घरच्या कढईतही काम करतात. या पाठानंतर एका घाण्यात किती काप टाकावेत हे तुम्हाला गणिताने ठरवता येईल. वेफर्स तेलकट का होतात आणि डब्यात मऊ का पडतात, हेही सांगता येईल.

१. कुरकुरीत म्हणजे काय?

कच्च्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, तर चांगल्या वेफरमध्ये २ टक्क्यांच्या आसपास. पाणी गेले की पिष्टाच्या पातळ भिंती काचेसारख्या ताठ होतात आणि दाताखाली आवाज करून मोडतात. त्याच भिंतींत थोडे पाणी परतले की त्या लवचीक होतात आणि वेफर चिवट लागतो. म्हणजे कुरकुरीतपणा हा मसाल्याचा किंवा तेलाच्या ब्रँडचा गुण नसून पाण्याचा हिशेब आहे.

२. कढईत काय घडते?

१७० °से. तेलात काप पडताच त्याच्या पृष्ठभागावरचे पाणी उकळते. जोपर्यंत आत पाणी आहे, तोपर्यंत कापाचा गाभा १०० °से.च्या आसपासच राहतो. बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. बुडबुडे मंदावले म्हणजे पाणी संपत आले. काप काढायची खूण हीच.

तेल जास्त शोषले जाते ते काप बाहेर काढल्यानंतर. काप थंड होताना छिद्रांतली वाफ आकसते, आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्यातले वेफर्स कढईवरच दोन-तीनदा झटकून लगेच चाळणीवर पसरा.

३. घाणा किती मोठा? (सोडवलेले उदाहरण)

समजा, कढईत अर्धा किलो तेल आहे आणि तुम्ही १०० ग्रॅम बटाट्याचे काप टाकता.

- पाणी: ८० ग्रॅम. बाष्पीभवनाची उष्णता: ०.०८ × २२६० ≈ १८० किलोज्यूल.
- काप १०० °से.पर्यंत तापवण्यासाठी: सुमारे २५ किलोज्यूल.
- एकूण: सुमारे २०५ किलोज्यूल.

अर्धा किलो तेल १ अंशाने थंड होताना साधारण १ किलोज्यूल देते. ते १७० वरून १०० °से.वर उतरले तरी जेमतेम ७० किलोज्यूल मिळतील. बाकीची उष्णता शेगडीनेच पुरवली पाहिजे. घरगुती शेगडीवरून भांड्यात साधारण १ ते १.५ किलोवॅट पोहोचते. १ किलोवॅट धरले तर २०५ किलोज्यूलला सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. हे ठीक आहे. त्याच तेलात ३०० ग्रॅम काप टाकले तर १० मिनिटांहून अधिक लागतील. तेल थंड पडेल, वाफेचा जोर कमी होईल आणि काप चिवट व तेलकट निघतील. घाणा लहान ठेवा, हा आजीचा सल्ला ऊर्जा-समतोलाचे समीकरणच आहे.

४. कृती (२५० ग्रॅम बटाटे)

१. वेफर्सच्या किसणीवर सुमारे १.५ मिलिमीटर जाडीचे काप करा. जाडी सारखी नसेल तर एकाच घाण्यात काही जळतील, काही कच्चे राहतील.
२. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. सुटे पिष्ट आणि पृष्ठभागावरची साखर निघून जाते.
३. उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून निथळा.
४. सुती कापडावर पूर्ण कोरडे करा. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढते. ओला काप तेल उडवतो तो यामुळेच.
५. कढई अर्ध्याहून कमी भरा आणि तीन घाण्यांत तळा.
६. तेलाचा थर ओला असतानाच बारीक मीठ पाव छोटा चमचा, तिखट, भाजलेली जिरेपूड, आमचूर आणि चिमूटभर हिंग भुरभुरा. लिंबू पिळू नका. ते पाणी परत आणते.

बिटात साखर जास्त असते. ते १५० °से.च्या आसपास तळा, नाहीतर आधी काळे पडेल. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करा आणि झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका.

५. रंग आणि आरोग्य

२००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड आढळल्याचे जाहीर केले. अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोजसारख्या साखरा १२० °से.वर एकत्र आल्या की ते तयार होते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात या साखरा वाढतात, म्हणून वेफर्ससाठी तो वापरू नका. वेफर सोनेरी असतानाच काढा, तपकिरी होऊ देऊ नका. साखर कमी असलेल्या ‘कुफरी चिप्सोना’ जाती भारतात खास या उद्योगासाठी विकसित झाल्या.

तेलही पुन्हापुन्हा तापवू नका. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा भारतात २५ टक्के आहे. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजता येत नाही, पण तेल दाट, गडद आणि फेसाळ झाले की ते टाकून द्या.

६. साठवण: अड्यारचा धडा

मी चेन्नईत अड्यारला राहतो. इथे नदी समुद्राला मिळते आणि हवेत ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता नेहमीची. साधारण ४० ते ५० टक्क्यांहून दमट हवेत वेफर आपला कुरकुरीतपणा गमावतो. त्यामुळे इथे उघडी ताटली फार वेळ टिकत नाही. मे महिन्यातल्या नागपुरात ती बराच वेळ टिकेल. वेफर्स पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट डब्यात भरा. मऊ पडले तर मंद आचेच्या ओव्हनमध्ये काही मिनिटे ठेवा. पाणी पुन्हा निघून जाते.

७. उन्हाचा मार्ग

महाराष्ट्रात उन्हाळ्यात बटाट्याच्या वेफर्सचे वाळवण घालतात. तमिळ घरांच्या गच्चीवर वत्तल आणि वडाम वाळतात. दोन्हीकडे विचार एकच: पाणी काढण्याचे काम सूर्याकडून करून घ्यायचे. १०० ग्रॅम बटाटा वाळून सुमारे २२ ग्रॅम उरतो आणि त्यात फक्त २ ग्रॅम पाणी असते. आता बाष्पीभवनाला १८० नव्हे, सुमारे ५ किलोज्यूल पुरतात, म्हणून वाळवण काही सेकंदांत तळले जाते. इंधनाची ही बचत पूर्वीच्या गृहिणींनी समीकरणाशिवाय साधली होती.

स्वाध्याय

१. कच्च्या केळ्यात ६५ टक्के पाणी धरा. १५० ग्रॅम कापांसाठी बाष्पीभवनाची उष्णता काढा आणि १.२ किलोवॅटवर लागणारा वेळ सांगा.
२. तळताना कढईवर झाकण ठेवले तर वेफर्सवर काय परिणाम होईल? कारण द्या.
३. दहा वेफर्स उघड्या ताटलीत ठेवून दर तासाला वजन करा. वजन-वेळ आलेख काढा आणि कोणत्या वजनाला आवाज हरवला ते त्यावर दाखवा. वेगवेगळ्या गावांतल्या मित्रांचे आलेख शेजारी ठेवून पाहा.