मॅनेजरचं अप्रेझल कसं करायचं?

अप्रेझलच्या वेळी बॉस टार्गेटचं विचारतो. टीम आणि बजेट किती दिलं होतं, ते सोयीस्कर विसरतो. वैताग येतो ना? पण वीकएंडला टीव्हीसमोर बसून आपण फुटबॉल मॅनेजरचं नेमकं हेच करतो!

आर्सेन वेंगरच घ्या. १९९६ ते २०१८, तब्बल २२ वर्षं तो आर्सेनलचा मॅनेजर होता. २००३-०४ मध्ये एकही मॅच न हरता त्याच्या टीमनं लीग जिंकली. मग २००५ च्या एफए कपनंतर थेट २०१४ पर्यंत मोठ्या ट्रॉफीचा दुष्काळ. 'वेंगर आऊट'चे फलक झळकले आणि फॅन्समध्ये दोन तट पडले.

वेंगरवाले म्हणायचे, जरा हिशेब बघा. २००६ मध्ये क्लब नव्या स्टेडियममध्ये गेला, डोक्यावर कर्ज. चेल्सी (२००३) आणि मँचेस्टर सिटीला (२००८) मात्र गडगंज मालक मिळालेले. फाब्रेगास, व्हॅन पर्सी विकावे लागले. तरी टीम सलग २० सीझन पहिल्या चारांत!

मुद्दा बिनतोड. पण विरोधकांचंही ऐका. २०१३ मध्ये ओझिलसाठी विक्रमी रक्कम मोजली, म्हणजे हात सैल झाला होता. पुढे तीन एफए कप आले, लीग नाही. २०१६ मध्ये तर कितीतरी कमी पैशांत लेस्टर सिटी चॅम्पियन, आर्सेनल दुसरं!

थोडक्यात, पट्टी एकच ठेवा: हातात काय होतं आणि त्यातून काय उभं केलं? या पट्टीवर ट्रॉफी नसलेली वर्षं भारी ठरतात आणि कप जिंकलेली थोडी फिकी. पटतंय?