पांतेल्लेरिया बेटांतील जिराईत द्राक्षबागा

भूमध्यसमुद्रांतील बेटें पाहावयास जाणारे बहुतेक प्रवासी समुद्रस्नान व हवापालट यांकरितां जातात. परंतु शेतकऱ्यास तिकडे जाण्याचा योग आल्यास त्यानें वसंताच्या अखेरीस, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धांत जावें. तिकडील पाऊस मुख्यतः हिवाळ्यांत पडतो. मे महिन्यांत तो संपलेला असतो आणि पुढील तीन-चार महिने जमिनींत मुरलेल्या ओलीवरच पीक पोसावयाचें असतें. आपल्याकडे रब्बीची शाळू ज्या ओलीवर येते, त्याच प्रकारचा हा व्यवहार आहे. ती ओल तेथील लोक कशी राखतात हें पाहावयाचें असेल, तर इटलीच्या राज्यांतील पांतेल्लेरिया हें लहानसें बेट फार योग्य होय. सिसिलीतील त्रापानी बंदराहून तेथें बोट जाते. विमानाचीही सोय आहे.

जमीन व हवामान.– हें बेट सिसिलीच्या नैर्ऋत्येस सुमारें ११० किलोमीटर व आफ्रिकेंतील ट्युनिशियाच्या किनाऱ्यापासून सुमारें ७० किलोमीटर अंतरावर आहे. क्षेत्रफळ सुमारें ८३ चौरस किलोमीटर असून मधल्या डोंगराची उंची ८३६ मीटर आहे. सर्व बेट ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचें बनलेलें आहे. त्यावर नदी नाहीं, आणि किनाऱ्याकडील पाऊस सरासरीनें २० इंचांहूनही कमी. यावर भर म्हणून वारा. बेटाच्या नांवाचा संबंध ‘वाऱ्याची कन्या’ अशा अर्थाच्या अरबी शब्दांशीं लावतात, आणि तेथें चार दिवस काढणाऱ्यास त्यांत अतिशयोक्ति वाटत नाहीं. पाणी थोडें व वारा फार, अशा दोन शत्रूंशीं एकाच वेळीं झगडावयाचें असल्यामुळें तेथील शेतीची सर्व रचना या दोहोंस धरूनच झालेली आहे.

दगडी बांध.– बेटावर पाऊल ठेवतांच प्रथम नजरेंत भरतात ते डोंगरउतारावर एकाखालीं एक घातलेले काळ्या दगडांचे बांध. ते चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड बसवून रचलेले असतात. कोंकणांतील गडगा किंवा देशावरील पौळ ज्यानें पाहिली आहे त्यास ही रीत परकी वाटणार नाहीं. शेतांतला दगड निघून माती मोकळी होणें, उतारावरची माती अडून राहणें व पिकास वाऱ्याचा आडोसा मिळणें, अशीं तीन कामें एकाच बांधानें साधतात. शिवाय सांधे मोकळे असल्यामुळें जादा पाणी हळूहळू झिरपून जातें व बांधावर पाण्याचा दाब पडत नाहीं. अशा कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेस युनेस्को या जागतिक संस्थेनें सन २०१८ मध्यें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. तो मान त्या वेळीं इटलीसह आठ देशांस मिळून होता.

वेलीची लागवड.– येथें मांडव नाहीं, तारा नाहींत आणि पाटाचें पाणीही नाहीं. प्रत्येक वेल सुमारें वीतभर खोल खळग्यांत लावलेली असते. खोड आंखूड ठेवून छाटणीनें त्यास चोहों बाजूंस सुमारें सहा फांद्या राखतात, त्यामुळें वेल न दिसतां एखादें बसकें झुडूपच दिसतें. खळग्यामुळें वारा वेलीच्या वरून निघून जातो, पावसाचें पाणी मुळाशीं जमतें आणि पानांची सावली आपल्याच आळ्यावर पडते. मे महिन्यांत नवे कोंब लांबलेले असून फुलोरा जवळ आलेला असतो. वसंतांत जमीन पुनःपुन्हां कुदळीनें हलवून वरची खपली फोडलेली असते, तण काढलेलें असतें व खळगे नीट केलेले असतात. आपल्याकडे कोळपणीस अर्धें पाणी म्हणतात तें याच तत्त्वावर. उतारावरील अरुंद पट्ट्यांत यंत्र चालणें कठीण, म्हणून हें सर्व हातानें करावें लागतें.

द्राक्षाची जात झिबिब्बो होय; हें नांव बेदाण्यास असलेल्या अरबी शब्दावरून आलें आहे. द्राक्ष बियांचें, सुवासिक व फार गोड असतें. तोडणी जुलैअखेरीपासून सुरू होते. पहिल्या तोडीचीं द्राक्षें उन्हांत वाळवून तीं मागाहून निघालेल्या रसांत घालतात व त्यापासून ‘पासितो’ नांवाचें गोड मद्य करतात. ऑलिव्हचीं झाडें देखील येथें छाटून जमिनीलगत ठेवतात, इतका वाऱ्याचा धाक आहे.

केपर.– बांधाच्या फटींतून व रुक्ष जमिनींत येणारें दुसरें पीक केपर. ही वनस्पति आपल्या वाघाटीच्याच वंशांतली. वाघाटीचीं फळें आपण आषाढी द्वादशीस भाजी करून खातों. तेथें न उमललेल्या कळ्या खुडून मिठांत मुरवितात. मेअखेरीस खुडणी सुरू होऊन ती उन्हाळाभर चालते. कळी उमलली कीं किंमत गेली, म्हणून त्याच झुडपाकडे थोड्या थोड्या दिवसांनीं परत जावें लागतें, आणि काम सकाळच्या थंड वेळींच उरकावें लागतें.

घर व एक झाड.– जुन्या घरांस ‘दाम्मूसो’ म्हणतात. भिंती जाड दगडी व छपरें घुमटाकार. छपरावरचें पावसाचें पाणी खालच्या टाक्यांत उतरवून घेतात. आतां समुद्राचें पाणी गोडें करण्याचीं यंत्रें बेटावर आहेत, परंतु पूर्वीं या टाक्यांवरच संसार चाले. याहून नवलाची गोष्ट म्हणजे एकाच लिंबूवर्गीय झाडाभोंवतीं बांधलेली गोल दगडी भिंत. ती पुरुषभर किंवा त्याहूनही उंच असते. आंत वारा शिरत नाहीं, त्यामुळें पानांवाटे पाणी कमी उडतें व झाड एरवीं जेथें जगलें नसतें तेथें फळ देतें. एका झाडाकरितां एवढी भिंत बांधणारा मनुष्य पाण्याची किंमत किती जाणत असेल, हें सांगावयास नको.

बागांची सद्यःस्थिति.– एवढें सर्व पाहून परत फिरतांना मात्र दुसरी बाजूही डोळ्यांआड करतां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास बेटावर द्राक्षाखालीं कित्येक हजार हेक्टर जमीन होती. आतां ती कांहीं शेंकड्यांवर आली आहे. तरुण मंडळी कामासाठीं बाहेर गेली, बाजारांत बिनबियांच्या द्राक्षांची आवड वाढली आणि कुदळीच्या मजुरीचा मेळ बसेना. सोडून दिलेल्या पट्ट्यांत झुडपें माजतात. बांधाचा एक दगड निसटला व तो कोणी परत बसविला नाहीं, कीं पुढच्या पावसांत त्यामागची माती वाहून खालच्या शेजाऱ्याच्या बांधावर येते. अशा रीतीनें एकाच्या आळसाचा किंवा नाइलाजाचा भार दुसऱ्यावर पडतो.

सन २०१४ मध्यें युनेस्कोनें येथील वेल लावण्याच्या पद्धतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला व २०१६ मध्यें बेटाचा बराच भाग राष्ट्रीय उद्यान ठरला. हे मान योग्यच आहेत. परंतु ज्या बागा टिकल्या, त्या मालास स्वतःचें नांव व त्या नांवाचा भाव मिळाला म्हणून टिकल्या. पासितो मद्यास १९७१ पासून व केपरास १९९६ पासून बेटाच्या नांवाचें कायदेशीर संरक्षण आहे. दुसरीकडचा माल त्या नांवानें विकतां येत नाहीं. हाताच्या कामाचा खर्च भरून निघण्यास असा आधार लागतो.

आमच्या वाचकांनीं या बेटाची पद्धत जशीच्या तशी उचलावी असें आम्ही म्हणत नाहीं. आपला पाऊस वेगळ्या ऋतूंत पडतो व आपली माती वेगळी आहे. परंतु प्रत्येकानें आपल्या शिवारांतील जुने दगडी बांध व ताली एकदां फिरून पाहाव्या, त्यांतला निसटलेला दगड पावसाळ्यापूर्वीं बसवावा, आणि वरच्या व खालच्या शेतकऱ्यांनीं हें काम एकत्र बसून ठरवावें, इतकें तर आजही करतां येण्यासारखें आहे.