ईलीचा लाकडी चमत्कार

इंग्लंडमधली मध्ययुगीन कॅथीड्रल म्हटलं की लोक कँटरबरी नाहीतर सॅलिसबरीचं नाव घेतात. माझं मत ईलीला!

फेब्रुवारी 1322 मध्ये इथला मधला दगडी मनोरा कोसळला. मठाची बांधकामं बघणाऱ्या ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅमने तो पुन्हा तसाच उभारला नाही. चार खांबांऐवजी आठ घेतले आणि मध्ये सुमारे 22 मीटर रुंदीची अष्टकोनी जागा मोकळी सोडली. एवढ्या रुंदीवर दगडी छत पेलणार कसं? मग राजाच्या पदरचा सुतार विल्यम हर्ली आला. जवळपास 63 फुटी ओकचे आठ सोट उभे करून त्याने वर काचेच्या खिडक्यांचा कंदील बसवला. कडेच्या खांबांतून निघालेल्या तिरक्या तुळया त्याचा सगळा भार पेलतात. खालून बघताना मात्र तो अधांतरी तरंगतोय असंच वाटतं. वर दगडासारखं दिसतं ते खरं तर लाकूड! बाहेरून शिशाचे पत्रे. काम 1342 च्या सुमारास संपलं.

शेजारच्या लेडी चॅपेलमधल्या मूर्तींची डोकी मात्र सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत फोडली गेली. बघून जीव हळहळतो.

केंब्रिजला गेलात तर ईली चुकवू नका, रेल्वेने जेमतेम पाव तास. आणि अष्टकोनावर चढायचं वेगळं तिकीट जरूर काढा.