गाडी खाली बसविण्याची स्वस्त हौस घाटात पडते महाग

फोंडाघाट (ता. कणकवली) : राधानगरी आणि दाजीपूरचे जंगल मागे टाकून देवगड-निपाणी मार्ग सह्याद्रीची कड उतरतो आणि वळणावळणांनी फोंडाघाट गावात येऊन पोहोचतो. कोल्हापूरहून गणपतीसाठी कोकणात जाणारी अनेक कुटुंबे याच वाटेने उतरतात. गाडीत पाच माणसे, मागे सामान, वर कोसळता पाऊस आणि समोर पाण्याने भरलेले खड्डे, अशा वेळी गाडीची जमिनीपासूनची उंची आणि तिच्या सस्पेन्शनची हालचाल या दोन गोष्टींचा कस लागतो. मोटार ‘खाली बसवून’ घेण्याच्या हौसेत घट होते ती मात्र याच दोन गोष्टींची. हे काम पुरेशा पैशाविना केले, तर गाडी रुबाबदार दिसते. पण घाट उतरताना ज्यावर भरवसा ठेवायचा, तेच हरवून बसते.

गाडी खाली आणण्यामागचा विचार मुळात चुकीचा नाही. शर्यतीच्या गाड्या जमिनीलगत असतात, त्याला कारण आहे. गुरुत्वमध्य जितका खाली, तितके वळणावर एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूच्या चाकांवर जाणारे वजन कमी. गाडीखालून वाहणाऱ्या हवेचा अडथळाही घटतो. परंतु शर्यतीचा रस्ता सपाट असतो आणि त्या गाडीचे स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर व चाकांची जोडणी हे सारे त्या उंचीसाठीच आखलेले असते. घरच्या गाडीत यातला एकच भाग बदलला, की उरलेले भाग जुन्याच उंचीच्या हिशेबाने काम करीत राहतात.

स्वस्तातले मार्ग

गॅरेजमध्ये सर्रास अवलंबिले जाणारे मार्ग चार-पाचच आहेत. पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचे वेढे कापणे. यात खर्च केवळ मजुरीचा असतो. स्प्रिंगचा ताठपणा हा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती सुमारे वीस टक्के ताठ होते. दीड वेढा कापला, तर तेहतीस टक्के. शॉक अॅब्सॉर्बर मात्र जुनाच राहतो. ताठ स्प्रिंगची उसळी आवरण्याचे बळ त्याच्यात नसल्याने खड्ड्यानंतर गाडी उसळत राहते आणि शॉक अॅब्सॉर्बर लवकर निकामी होतो. शिवाय कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. मागील चाक एखाद्या खोलगट जागी पूर्ण खाली लोंबले, तर आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटण्याचाही धोका असतो.

दुसरा मार्ग त्याहून घातक आहे. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती वजनाखाली दबते आणि गाडी खाली येते. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक तापमानाला ‘पाणी’ दिलेले असते. त्या पाण्यामुळेच ते वाकून पुन्हा पूर्ववत होते. ज्योतीने तापविलेल्या भागातील हा गुण नष्ट होतो. किती नष्ट झाला, हे डोळ्यांना दिसत नाही आणि डावी-उजवी बाजू सारखी दबेल याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही. अशी स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा तडकते.

तिसरा मार्ग पाटे असलेल्या गाड्यांचा. जीप किंवा ओम्नीसारख्या गाडीत पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला, की गाडी खाली येते. अथवा एखादा पाटाच काढून टाकला जातो. ठोकळ्याने निदान पाट्यांची ताकद शाबूत राहते. पाटा काढल्यास त्याच्या वाट्याचा भार उरलेल्या पाट्यांवर पडतो आणि भरल्या गाडीत ते मोडतात.

चौथा मार्ग टायरचा. १६५/८० आर १४ या मापाऐवजी १६५/६५ आर १४ बसविला, तर टायरची भिंत १३२ मिलिमीटरवरून सुमारे १०७ मिलिमीटर होते आणि गाडी अडीच सेंटिमीटर खाली येते. स्प्रिंगला हातही लागत नाही. पण चाकाचा घेर आठ टक्क्यांनी घटल्यामुळे वेगमापकाचा काटा ८० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ७४ च्या आसपास धावते, किलोमीटरची नोंदही फुगते. भार पेलण्याची टायरची क्षमता बहुधा कमी होते आणि खड्ड्यात रिम ठेचण्याची शक्यता वाढते.

पाचवा मार्ग तयार आखूड स्प्रिंगांच्या संचाचा. त्याला काही हजार रुपये पडतात. त्याच तोलाचे शॉक अॅब्सॉर्बर घेतल्यास खर्च आणखी वाढतो. तुटपुंज्या खिशाची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

चार सेंटिमीटरचा हिशेब

‘चार सेंटिमीटरने काय बिघडते’, हा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर साध्या बेरीज-वजाबाकीत मिळते. आजच्या स्विफ्टसारख्या हॅचबॅकची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर असते. पाच माणसे आणि सामान यांनी गाडी समजा ४० मिलिमीटर दबली, तर १२३ उरतात. गाडी आधीच ४० मिलिमीटर खाली बसविली असेल, तर उरतात ८३.

आता गतिरोधक पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असते. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.४५ मीटर अंतर असलेल्या गाडीच्या पोटाशी असा गतिरोधक जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. खाली बसविलेली गाडीही त्यावरून पार होते. अडचण येते ती मानक न पाळता घातलेल्या अरुंद, उभट गतिरोधकांची. तेवढ्याच उंचीचा अरुंद उंचवटा चाकांच्या मधोमध आला, की तो पुरे १०० मिलिमीटर उंचीने पोटाला भिडतो आणि खाली जागा असते ८३. ऑइल चेंबर फुटला आणि ते लक्षात न येता गाडी तशीच पुढे नेली, तर इंजिन जाम होते. स्प्रिंग कापताना वाचविलेल्या पैशाच्या कित्येक पट खर्च तेव्हा एका फेरीत येतो.

दुसरा हिशेब दिसत नाही, पण तो अधिक महत्त्वाचा आहे. चाकाला वर जायला मर्यादित जागा असते. ती संपली की रबरी ‘बंप स्टॉप’ लागतो. रिकाम्या गाडीत ही जागा ७० मिलिमीटर आहे असे धरले, तर भरल्या गाडीत ३० उरते. गाडी ४० मिलिमीटर खाली बसविली असेल, तर पहिला खड्डा येण्यापूर्वीच गाडी रबरावर टेकलेली असते. घाट उतरताना ब्रेक लावला, की वजन पुढे येते आणि पुढची स्प्रिंग आणखी दबते. तशात वळणावर खड्डा आला, तर चाक वर जाऊ शकत नाही. गाडीच उडते आणि क्षणभर टायरची रस्त्यावरची पकड सुटते. ओल्या घाटात तो क्षण जिवावर बेततो. २०२४ साली करूळ घाट कामासाठी बंद असताना वाहतूक फोंडाघाटाकडेही वळविण्यात आली होती. अवजड वाहनांच्या वर्दळीच्या अशा रस्त्यावर चाकाला वर-खाली होण्यास जागा असणे ही चैन नव्हे.

वळणावर फायदा होतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. अशी गाडी खाली आणली, की ती ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. परिणामी गुरुत्वमध्य उतरूनही झुकण्याचा जोर वाढू शकतो. चाकांचे माथे आत कलतात, टायर आतल्या कडेने झिजतात. पुढील व मागील बाजू कमी-अधिक खाली आल्यास हेडलाइटचा झोतही हलतो. मागची बाजू अधिक बसली, तर तो थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

कायदा काय सांगतो

उंचीला पैशाचेही मोल असते. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मोठ्या एसयूव्ही गाड्यांचे उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के करण्यात आले. त्या व्याख्येत १७० मिलिमीटर वा अधिक उंची ही एक अट होती. त्यानंतर महिंद्रने चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ५०० ची उंची २०० वरून १६० मिलिमीटरवर आणली. पण उत्पादकाला असा बदल मंजुरीच्या चाकोरीतून न्यावा लागतो. गॅरेजमधील कापलेल्या स्प्रिंगला असा कोणताही आधार नाही.

नोंदणी पुस्तकात जमिनीपासूनच्या उंचीचा रकाना नसतो, म्हणून हा बदल कायद्याबाहेर आहे, असे मानणे जोखमीचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरबदलांना मर्यादा घालते. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो, तो वेगळाच.

थोड्या पैशात काय करावे

गाडी वळणावर लोळते, अशी तक्रार असेल, तर दोष अनेकदा उंचीचा नसून झिजलेल्या भागांचा असतो. हाती असलेली रक्कम प्रथम झिजलेले बुश, थकलेले शॉक अॅब्सॉर्बर आणि गुळगुळीत टायर बदलण्यावर खर्च करावी. त्यानंतर अलाइनमेंट करून टायरमध्ये कंपनीने सांगितलेला हवेचा दाब ठेवावा. एवढ्याने गाडी घट्ट आणि आज्ञाधारक वाटू लागते आणि कायद्याचा प्रश्नही येत नाही. दिसण्याची हौस असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीसाठी उत्पादकानेच दिलेले रिम व टायरचे माप पाहावे. तिथे टायरची भिंत आखूड आणि रिम मोठी असते, त्यामुळे चाक भरलेले दिसते आणि घेर जवळजवळ तेवढाच राहतो.

जुनी गाडी घेणाऱ्यानेही एक तपासणी जरूर करावी. चाकाच्या कमानीत टॉर्च मारून स्प्रिंगचे टोक पाहावे. ते कापल्याच्या खुणा असतील, अथवा एखाद्या वेढ्याचा रंग जळालेला दिसत असेल, तर स्प्रिंगांची नवी जोडी बसविण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा आणि ती बसविल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये.